स्तोत्र 91 च्या कागदाबाबत खुलासा

कापसाचे पैसे हातात येण्याच्या या दिवसांत मेळघाटाच्या पायथ्याच्या गावांत व्हॉट्सॲपवर असा मजकूर फिरत आहे की, बायबलमधील स्तोत्र 91 (देव रक्षण करतो असे सांगणारे गीत) लिहिलेला कागद दाराच्या चौकटीला लावल्यास दारूचा मोह घरात शिरत नाही व तसे बायबलमधील मत्तय या पुस्तकाच्या 4 थ्या अध्यायात (मत्तय 4) लिहिले आहे. मत्तय 4 मध्ये असे काहीही नाही. उलट तेथे स्तोत्र 91 मधील ओळी सैतानाच्या तोंडी आहेत. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे तो त्याच ओळींच्या आधारे येशूला सुचवतो, ही गोष्ट मजकूर लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटलेली दिसते. 40 दिवसांच्या उपासानंतर सैतानाने घातलेल्या तीन मोहांना येशूने दिलेली तिन्ही उत्तरे, ‘मनुष्य केवळ भाकरीने जगणार नाही’ हे धरून, बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातील आहेत. चौकटीवर वचने लिहिण्याची आज्ञाही त्याच पुस्तकात 6:9 (अध्याय 6, वचन 9) मध्ये आहे, हे खरे. परंतु त्याआधी 6:7 मध्ये ती मुलांना शिकवावीत आणि घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना त्यांविषयी बोलावे, असे सांगितले आहे. लॅमिनेशन केलेले कागद विकणारे नेमके तेवढेच वगळतात. कागद लावण्यास कोणाची हरकत नाही. मात्र त्यासाठी पैसे देऊ नयेत आणि दारू सोडण्यासाठी सुरू असलेले औषध त्याच्या भरवशावर बंद करू नये.