झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलंय, श्वास घ्यायला जागा नाही

अरे काय चाललंय काय हे! आमच्या गल्लीतला रस्ता चांगला डांबरी होता, एक खड्डा नव्हता, तो मार्चमध्ये उकरून ठेवला आणि आता या टोकापासून त्या टोकापर्यंत काँक्रीट, कडेला पेव्हर ब्लॉक, आणि कोपऱ्यावरचा कडुलिंब आहे ना, आमच्या आजोबांच्या वेळचा, त्याच्या बुंध्याला चिकटवून सिमेंट ओतलंय. बोटभर माती ठेवली नाही. गटाराच्या पाइपसाठी जेसीबीने एका बाजूची मुळं तोडली, मनगटाएवढी जाड, दोन दिवस तिथेच ढिगाऱ्यावर पडून होती, बघवत नव्हतं. मी ठेकेदाराच्या माणसाला म्हटलं, अहो दादा, तीन फूट तरी जागा सोडा, झाड पाणी कुठून पिणार, तर म्हणतो "साहेब, ड्रॉइंगमध्ये झाडच नाहीये."

ड्रॉइंगमध्ये झाडच नाही!! डोकं फिरलं माझं.

झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा, असा आदेश हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या कोर्टाने, दिल्लीत 2013 मध्येच दिला होता. आपल्या राज्यात शहरातली झाडं जपायचा कायदा 1975 पासून आहे. अजून किती वर्षं पाहिजेत?

आराखड्यांना माझा विरोध नाही हां. मुंबईचा हवामान आराखडा मार्च 2022 मध्ये आला, 2050 पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा शोषूनही घ्यायचा, असं टार्गेट ठेवलंय, ठेवायलाच पाहिजे. अहमदाबादने 2010 च्या उन्हाळ्यात माणसं गेलेली बघितली आणि 2013 मध्ये प्लॅन केला, उन्हाचा इशारा आधी द्यायचा, दवाखाने तयार ठेवायचे. शहरं करू शकतात, मनावर घेतलं तर! पण तो कागद काँक्रीटच्या टेंडरपर्यंत पोचतच नसेल तर त्याचं आम्ही काय करायचं?

ट्रकला अडतात म्हणून फांद्याही छाटल्या, त्यामुळे खाली बसणाऱ्या भाजीवाल्या मावशी आता भर उन्हात, दर अर्ध्या तासाला मेथीवरचं फडकं ओलं करतात तरी दुपारी बारापर्यंत जुड्या माना टाकतात. आणि काँक्रीट दिवसभर तापतं ते रात्रभर ओकतं, अकरा वाजता अनवाणी बाहेर गेलं तरी तळपायाला कळतं. आई ब्लडप्रेशरची पेशंट, दोन दोन वाजेपर्यंत जागी असते, पंखा नुसती गरम हवा फिरवतो. आता पाऊस आला की पाणी मुरणार कुठे, सगळं तळमजल्यावाल्यांच्या घरात, आणि एका बाजूची मुळं तोडलेलं झाड वादळात पडलं की हेच लोक म्हणणार बघा, झाडं धोकादायक असतात, तोडून टाका.

अ‍ॅपवर तक्रार केली तर चौथ्या दिवशी मेसेज, "तक्रार निकाली". उघडून बघितलं तर फोटो पलीकडच्या रस्त्यावरच्या अशोकाचा!

परत टाकलीये तक्रार, बुंध्याला टेप लावून फोटो काढून. मे संपत आलाय. पाऊस यायच्या आत ते सिमेंट फोडा, बाकी काही नको.