‘भाव बांधले की संशोधन मेलं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘अनुभवी फार्मासिस्ट, कोथरूड’ यांस,

औषधांच्या किमतींवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ‘सरकारने भाव बांधले की संशोधन मरतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. लेखकाने औषधाचा कारखाना बाहेरून तरी पाहिलाय का?’ पुढे लेख लांबल्याची तक्रार, जनऔषधीच्या (सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या) दर्जाबद्दल दोन ओळी आणि ‘असले लेख कोण लिहून घेतं ते कळतं’ हा टोमणा.

आधी टोमण्याचं. माझ्याकडून कोणी लिहून घेत नाही. औषध कंपनीच्या कॉस्टिंगमध्ये नोकरी झाली आहे, औषधांच्या किमती ठरवणाऱ्या एनपीपीए या सरकारी संस्थेकडे जाणारे अर्ज याच हातांनी भरलेत. स्वतःचं नाव झाकायचं आणि दुसऱ्याच्या हेतूवर बोट ठेवायचं, यात कसला अनुभव दिसतो ते वाचकांनी ठरवावं. लेख लांबला आणि स्टेंटचा परिच्छेद त्यात उगाच घुसला, एवढं मात्र तुमचं बरोबर.

आता ते वाक्य. कुठले भाव, कशाचे, औषधाच्या आयुष्यात कधी बांधलेले? हे न सांगता ‘संशोधन मेलं’ म्हणण्याला काही अर्थ नाही.

आपल्याकडे डीपीसीओ २०१३ या औषधांच्या किमतींवरच्या सरकारी आदेशाप्रमाणे कमाल किंमत अशी निघते: आवश्यक औषधांच्या यादीतलं एक औषध, एक स्ट्रेंग्थ (मात्रा), एक प्रकार (गोळी, इंजेक्शन वगैरे) घ्यायचा. बाजारात १ टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या ब्रँडांची दुकानदाराला पडणारी किंमत घ्यायची, साधी सरासरी काढायची, वर १६ टक्के दुकानदाराचं मार्जिन. किमती ६, ८ आणि १३ रुपये असतील तर सरासरी ९, कमाल किंमत १० रुपये ४४ पैसे, जीएसटी वेगळा. या हिशेबात उत्पादनखर्चच नाही, मग संशोधनाचा खर्च कुठून येणार? त्याआधीच्या १९९५च्या आदेशात निदान खर्च धरला जायचा. पण यादीतली बहुतेक औषधं जुनी, पेटंट केव्हाच संपलेली. त्यांचा शोध कधीच लागून गेला आहे. उलट इथलं पेटंट मिळवलेल्या नव्या औषधाला याच आदेशाच्या परिच्छेद ३२ने पाच वर्षं सूट आहे. फार्मासिस्ट म्हणवता, तर हे ठाऊक असायला हवं होतं.

फटका बसतो तो सुधारणेला. यादीतलं औषध आधीपासून बनवणाऱ्याने स्ट्रेंग्थ बदलली किंवा त्यात दुसरं औषध मिसळलं, तर आधी किमतीची मंजुरी घ्यावी लागते, आणि तिथेही पुन्हा बाजारातली सरासरी. उष्णतेत जास्त टिकणारी गोळी काढली तरी सरासरी तीच. वेगळ्या पॅकिंगसाठी वेगळी किंमत मागायची सोय आहे, पण मागा, सिद्ध करा आणि वाट बघा.

दुसरा फटका पुरवठ्याला. एप्रिल २०२४ मध्ये कमाल किमतींना घाऊक महागाईनुसार मिळालेली वाढ होती ०.००५५१ टक्के, म्हणजे शंभर रुपयांवर अर्धा पैसा. त्याच वर्षी ऑक्टोबरात आठ औषधांच्या कमाल किमती एकदम ५० टक्क्यांनी वाढवाव्या लागल्या, कारण परवडत नाही म्हणून ती बनवणं थांबायला लागलं होतं. त्यात बेंझिल पेनिसिलीन होतं. ज्या पेनिसिलीनसाठी १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेच.

तुमचं वाक्य खरं तर अमेरिकेतलं आहे, आणि तिथे ते वादाचं आहे, थट्टेचं नाही. २०२२च्या कायद्याने मेडिकेअरला, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याला, काही महागड्या औषधांच्या किमती ठरवता येतात. त्या लागू होतात गोळ्यांना मान्यतेनंतर साधारण ९ वर्षांनी, जैविक औषधांना (जिवंत पेशींपासून बनणारी, बहुतेक इंजेक्शनं) १३ वर्षांनी. चार वर्षांच्या या फरकाने पैसा गोळ्यांकडून इंजेक्शनांकडे वळेल, ही भीती मला रास्त वाटते. पण तिथल्या काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाचा तेव्हाचा अंदाज होता, ३० वर्षांत १,३०० नव्या औषधांपैकी सुमारे १३ कमी. मेलं?

आणि सरकार खरेदी करतं, ही बाजू तुम्ही सोडूनच दिलीत. अर्थशास्त्रज्ञ असेमोग्लू आणि लिन यांच्या २००४च्या अभ्यासात संभाव्य बाजार १ टक्का वाढला की नवी औषधं ४ ते ६ टक्के वाढताना दिसली. विमा किंवा सरकारी खरेदी बाजार वाढवते. हडपसरला जा. आफ्रिकेतल्या मेनिंजायटिस ‘ए’ (मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा आजार) वरची लस सीरममध्ये बनली, तेव्हा अर्ध्या डॉलरहून कमी ही किंमत आधी ठरली होती, लस मागून आली. २०१० मध्ये ती बुर्किना फासोत पोचली. घेणारं कोणीतरी नक्की होतं, म्हणून ते जमलं.

जनऔषधीच्या दर्जाचा विषय वेगळा, इथे नको.

उत्तर द्यायचं असेल तर औषधाचं नाव, स्ट्रेंग्थ, कमाल किंमत आणि मेलेलं संशोधन कोणतं, ते लिहा. शेंबडं पोर पुन्हा आलं तर प्रतिक्रिया प्रसिद्ध होणार नाही.