‘हजाराखालची एआर भंगार, डोळे मिटून एके घ्या’ : अहो, जरा थांबा

हा मेसेज मला आत्तापर्यंत चार वेगवेगळ्या मित्रांनी पाठवलाय. इथे टेक्सासातल्या आपल्या मराठी मंडळींत तो जोरात फिरतोय आणि दरवेळी खाली पाच-सहा जण अंगठ्याचा इमोजी टाकून मोकळे होतात. थोडक्यात मजकूर असा: कमी पैशात भरवशाची सेमी-ऑटो रायफल (घोडा एकदा ओढला की एक गोळी, पुढची आपोआप भरली जाते) हवी तर एआर-15 च्या नादी लागू नका, ती अडकते, व्हिएतनाममध्ये सिद्ध झालंय, हजार डॉलरच्या खालची तर भंगारच, त्यापेक्षा एके (एके-47 च्या घराण्यातली रायफल) कुठलीही घ्या, कधीच अडकत नाही, गोळ्याही स्वस्त, आणि घ्यायचीच असेल एआर तर ‘मिल-स्पेक’ (म्हणजे लष्करी दर्जाचं) लिहिलेलं बघा, विसावर असाल तर शिकारीचं लायसन्स काढा की झालं.

मी काही बंदुकांचा मिस्त्री नाही. ग्रीन कार्ड आल्यावर हौसेने नेमबाजीच्या रेंजवर जायला लागलो, स्वतःचे पैसे घालवून थोडंफार शिकलो, एवढंच. पण या मेसेजमधलं जवळपास प्रत्येक वाक्य एक तर जुनं आहे नाहीतर अर्धवट, आणि अर्धवटवालं जास्त डेंजर आहे.

व्हिएतनामपासूनच सुरू करू, कारण सगळ्यांचा हुकमी एक्का तोच. हो, 1960 च्या दशकात एम-16, म्हणजे एआर-15 चीच लष्करी आवृत्ती, रणांगणात अडकली, पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच) चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागी, चिकटून बसायची आणि बिचारे सैनिक सळई पुढून घालून ती ठोकून काढायचे, हे खरंय. पण का अडकली ते पण सांगा ना. रायफल डिझाइन करताना जी दारू धरली होती ती बदलून काडतुसात दुसरीच, बॉल पावडर नावाची दारू भरली, त्याने फायरिंगचा वेग वाढला आणि काजळीही वाढली. चेंबरला क्रोमचा थर दिला नव्हता, तिकडच्या दमट हवेत चेंबरच गंजला. आणि वर कहर म्हणजे ‘हिला साफसफाई फारशी लागत नाही’ असं सांगून सैनिकांना पुरेशी क्लीनिंग किटच दिली नाहीत! 1967 मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या आयकॉर्ड उपसमितीने याची चौकशी केली आणि सैन्यावर चांगलेच ताशेरे ओढले. पुढे एम-16ए1 च्या चेंबरला क्रोम आलं, किट आली आणि तक्रारी खूप कमी झाल्या. म्हणजे चूक डिझाइनपेक्षा दारूगोळ्याची आणि सरकारी कंजूसपणाची जास्त होती. साठ वर्षांपूर्वीचा हा किस्सा सांगून आज दुकानातल्या रायफलला नावं ठेवायची म्हणजे आजोबांच्या स्कूटरला किक बसत नव्हती म्हणून नातवाची गाडी नाकारण्यातला प्रकार झाला.

आता ‘एके कुठलीही घ्या’. या ‘कुठलीही’ शब्दावर माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. एके दणकट म्हणून जिचं नाव झालं ती लष्करी कारखान्यात बनलेली, फोर्ज केलेल्या (ठोकून घडवलेल्या) ट्रनियनची, क्रोमच्या बॅरलची. ट्रनियन म्हणजे पुढचा तो ठोकळा ज्यात बॅरल (नळी) बसतं आणि बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून चेंबर बंद करणारा भाग, लॉक होतो, सगळा दाब शेवटी त्याच्यावर. इथे अमेरिकेत बनलेल्या काही स्वस्त एकेंमध्ये हा तुकडा ओतीव निघाला, आणि दोन-चार हजार राउंडनंतर तो झिजून हेडस्पेस वाढत गेल्याच्या टेस्ट लोकांनी मोजमाप करून दाखवल्यात. हेडस्पेस वाढणं म्हणजे बोल्ट आणि काडतूस यांच्यातली फट वाढणं, आणि ती मर्यादेबाहेर गेली की पुंगळी तुमच्या तोंडापासून वीतभर अंतरावर फुटू शकते. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, दुसरं काय! चांगली एके मिळते की, सर्बियाची झास्तावा आहे, रुमानियाची वासर आहे, मला स्वतःला झास्तावा आवडते. पण त्यांची किंमत आज साधारण हजाराच्या आसपास किंवा वरच जाते, म्हणजे ज्या बजेटसाठी हा सल्ला दिलाय त्या बजेटमध्ये ती बसतच नाही.

‘कधीच अडकत नाही’ हेही तसंच. एकेचं सेफ्टी खाली केलं की बाजूला लांबलचक फट उघडी पडते, तिथून चिखल थेट आत. एआरचं पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीवरचं झाकण लावलेलं असेल तर ती त्यामानाने बंद डबा असते. एकेमध्ये भागांना मोकळीक जास्त म्हणून ती काजळी सहन करते हे मान्य, पण चिखलात लोळवून बघणाऱ्यांच्या परीक्षेत ती बरेचदा एआरच्या आधी बंद पडलीय. आणि खरं सांगा, आपण कोण चिखलात लोळणार आहोत? रेंजवर सिमेंटचा ओटा असतो, वर पत्रा.

गोळ्या स्वस्त, हे एके काळी अगदी खरं होतं. रशियन स्टीलच्या पुंगळीचे 7.62×39 (एकेच्या काडतुसाचं माप) राउंड पोत्याने मिळायचे. ऑगस्ट 2021 मध्ये अमेरिकन सरकारने रशियन दारूगोळ्याच्या आयातीचे नवे परवाने बंद करायचं जाहीर केलं, तेव्हापासून तो फरक जवळजवळ पुसला गेलाय. मेसेज लिहिणाऱ्याने बहुतेक त्याच्या आधीची पावती बघून लिहिलंय.

मग हजाराखालची एआर भंगार का? नाही. एआर स्वस्त असण्याचं कारण वेगळंच आहे. यूजीन स्टोनरने आर्मालाइट कंपनीत ती बनवली (एआर म्हणजे आर्मालाइट रायफल, ‘असॉल्ट’ नाही), 1959 मध्ये हक्क कोल्टकडे गेले, आणि गॅस सिस्टीमचं (सुटलेल्या गोळीमागच्या गॅसने पुढची गोळी भरायच्या रचनेचं) पेटंट 1977 मध्ये संपलं. त्यानंतर कोणीही बनवा. आज इतके कारखाने तेच भाग बनवतात, आणि ते भाग बहुतेक करून एकमेकांत बसतात, की स्पर्धेनेच किंमत पडलीय. पाचशे ते सातशे डॉलरमध्ये रुगर, स्मिथ अँड वेसन यांच्या साध्या मॉडेल येतात, त्यांना रेंजवर मी हजारो राउंड निमूट खाताना पाहिलंय. दोन हजारवाल्या रायफलीत ट्रिगर गुळगुळीत, नेम जरा बारीक, रंगरंगोटी छान, पण घोडा पडला की गोळी सुटणं दोन्हीत सारखंच.

‘मिल-स्पेक’ या शब्दावर तर दुकानदार जगतात. लष्कराचा स्पेक त्यांच्या एम-4 रायफलीसाठी आहे, 14.5 इंची बॅरल आणि बर्स्ट किंवा ऑटो फायर (घोडा एकदा ओढला की एकापेक्षा जास्त गोळ्या) असलेली; तुम्हाला विकतात ती 16 इंची, फक्त सेमी. म्हणजे अख्खी रायफल मिल-स्पेक असूच शकत नाही, फार तर काही भाग त्या दर्जाचे. त्यामुळे तो शब्द सोडा आणि काउंटरवर रायफल उघडून दाखवायला सांगा. बोल्ट कॅरियरवर गॅस की नावाची छोटी नळी दोन स्क्रूंनी बसवलेली असते, त्या स्क्रूंच्या कडेचं लोखंड पंचने ठोकून चेपलेलं दिसलं पाहिजे. नसेल तर स्क्रू सैल होऊन गॅस गळतो, झाकणाची रबरी रिंग गेलेल्या कुकरसारखं, आणि पुंगळी बाहेर, नवी गोळी आत हे चक्र अर्धवट राहून रायफल अडकते. मागच्या कॅसल नटलाही (दस्त्याची नळी घट्ट धरणारी कडी) तसाच ठोका हवा. बोल्टवर एमपी मार्क असला तर त्याची चुंबकीय तपासणी झालीय असं समजा. बॅरलला क्रोम किंवा नायट्राइडचा थर, आणि त्यावर 5.56 (एआरच्या काडतुसाचं माप) लिहिलेलं, कारण 5.56 च्या चेंबरमध्ये तशाच आकाराचं .223 काडतूस खुशाल चालतं पण उलटं केलंत तर दाब वाढतो. हे सगळं बघायला पाच मिनिटं लागतात आणि एक पैसा लागत नाही.

माझी स्वतःची पहिली रायफल, कंपनीचं नाव घेत नाही, दुसऱ्याच दिवशी रेंजवर अडकायला लागली आणि मी पण घरी येऊन बायकोला हेच ऐकवलं की एआर म्हणजे भंगार. शेजारच्या लेनवरच्या एका म्हाताऱ्याने मॅगझिनांवर रंगाने नंबर टाकायला सांगितलं, आणि काय, दरवेळी अडकायची ती फक्त चार नंबरवर! गन शोमधून स्वस्तात उचललेलं मॅगझिन, स्प्रिंग मेलेली. बारा-पंधरा डॉलरचं चांगलं मॅगझिन घातलं, बोल्टला जरा सढळ हाताने तेल दिलं (एआरला तेल लागतं, कोरडी चालवू नका), त्यानंतर कुरकुर नाही.

म्हणून हजार डॉलर असतील तर माझा हिशोब असा: रायफल सहाशे, अर्ध्या डॉलरच्या आसपासच्या भावाने पाचशे राउंड म्हणजे अडीचशे, पाच मॅगझिनं साठ-सत्तर, उरलेल्यात कानाचे मफ, चष्मा, तेल. घरात पोरं असतील तर कुलपाची पेटी आधी, रायफल नंतर, मग ती महिनाभर लांबली तरी चालेल. आणि ते पाचशे राउंड एकदम साठवून ठेवू नका, दोनशे-तीनशे उडवून बघितल्याशिवाय कुठलीच रायफल भरवशाची म्हणू नका, दोन हजारवालीसुद्धा.

राहिलं ते विसाचं वाक्य, जे वाचून माझ्या पोटात गोळा आला. एच-1बी, एल-1, एफ-1, सगळ्या नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या) विसावाल्यांना इथल्या फेडरल कायद्याने बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही बंदी आहे. राज्याचं वैध शिकार-लायसन्स हा त्यातला अपवाद, हे खरं. पण ते लायसन्स संपलं आणि रायफल कपाटातच राहिली तर त्या दिवसापासून तुम्ही गुन्हेगार, आणि बंदुकीच्या गुन्ह्यात देशाबाहेर काढतात. शिवाय इलिनॉय, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सीसारख्या राज्यांत यातल्या बऱ्याच रायफली मुळातच विकता येत नाहीत, तुमच्याकडे कुठलंही कार्ड असो. विसावाल्यांवरची फेडरल बंदी रेंजवर भाड्याने घेतलेल्या बंदुकीलाही लागू आहे. त्यामुळे उन्हाळ्यात टुरिस्ट विसावर आलेल्या सासऱ्यांना हौसेने रेंजवर नेऊन हातात रायफल देऊन फोटो काढणारे जे आहेत ना आपल्यातले, त्यांनी तो बेत रद्द करा. ग्रँड कॅन्यनला न्या त्यांना.