बिनदुधाचा चहा, बारा रुपये

दुधाचा चहा दहा रुपये आणि बिनदुधाचा बारा. सोलापुरात सात रस्त्याच्या एका टपरीवर परवा माझ्याकडून हे दोन रुपये जास्तीचे घेतले गेले. मी विचारलं, "मामा, दूध कमी झालं तर पैसे वाढतात कसे?" तर म्हणाले, "तुमच्यासाठी वेगळं पातेलं ठिवावं लागतंय की ओ. गॅस जळतोय." मी म्हटलं, "गॅस जळतो, पण दूध वाचतं ना?" यावर त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "दूध हितं कायम उकळतच असतंय, मालक. तुम्ही घेतला काय, न घेतला काय." 'प्रश्न दोन रुपयांचा नाही, तत्त्वाचा आहे' असं लोक म्हणतात. माझा प्रश्न दोन रुपयांचाच आहे.

हे सगळं ओढवून आणलं पुण्यात आयटीत असलेल्या आमच्या कन्येनं. 2014 साली ब्रिटनमध्ये कुणाच्या तरी डोक्यात आलं की जानेवारीचा महिना लोकांनी वीगन राहून बघावं. मांस, मासे, अंडी तर नाहीच, पण दूध, दही, तूप, मध तेही नाही. आम्ही घरचे पिढीजात शाकाहारी, त्यामुळे अर्धी लढाई न लढताच जिंकलो होतो, असा तिचा युक्तिवाद. "बाबा, नुसती ट्रायल घ्या. आवडलं तर ठेवा, नाहीतर काढून टाका." मोबाईलमधल्या ॲपबद्दल बोलावं तसं. महिना संपला आणि आता रोज रात्री फोन: "काय ठरवलं?" तेच ठरवायला मी टपरीवर बसलो होतो.

बाकड्यावर शेजारी एक काका होते. पांढरी टोपी, स्वच्छ धोतर, मिलमधून कधीकाळी रिटायर झालेले असावेत. हातातला कप बशीत ओतायचा ठेवून ते माझा काळा चहा न्याहाळत होते.

"शुगर हाय का?"

"नाही काका."

"पित्त?"

"नाही."

"मग दूध का न्हाई?"

मी सांगितलं, मुलीनं सुचवलं म्हणून बंद केलंय.

"पोरगी डॉक्टर हाय?"

"नाही, कॉम्प्युटरमध्ये आहे."

"कॉम्प्युटरमध्ये दुधाचं काय काम?" काकांनी हे मला विचारलं नाही, पानवाल्याला विचारलं. पानवाल्यालाही ते पटलं.

मग मी घसा खाकरून वासराच्या हक्काचं दूध वगैरे सांगायला घेतलं. काका मन लावून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांची नजर खाली सरकली आणि माझ्या पायांवर थांबली.

"चप्पल चामड्याची दिसायली."

"जुनी आहे. झिजली की नवी रेक्झिनची घेणार."

"म्हणजे जनावर मेलंय ते मेलंय, आता तुम्ही त्याला झिजवायलाय."

पानवाला हसला. टपरीवाले मामाही हसले, ज्यांनी माझे दोन रुपये जास्त घेतले होते.

"मध?" "नाही." "देवपूजेचा कद रेशमी असंल की?" "तो... आता सुती धोतर नेसतो." काका थोडे नरमले. मग एकदम पुढे वाकून, आवाज खाली आणून त्यांनी खरा प्रश्न टाकला. "सिद्धरामेश्वराच्या देवळात तीर्थ घेता का न्हाई?"

इथं मी अडकलो. पंचामृतात दूध, दही, तूप, मध आणि साखर. पाचातली चार गेली, उरली साखर. संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत हा प्रसंग माझ्यावर आलाही होता. अक्षता पडल्या, नंदीध्वज पुढे सरकले, आणि कुणीतरी माझ्या तळहातावर पळीभर तीर्थ ठेवलं. मागं माणसांचा लोंढा, पुढं माणसांचा लोंढा. मी ते प्यायलो. तळहात डोक्यावरून फिरवला. मुलीला सांगितलं नाही.

"घेतो," मी म्हणालो.

काकांचा चेहरा उजळला. एखादी किल्ली सापडली की माणूस दार वाजवत नाही, सरळ घरात शिरतो. "तीर्थ चालतंय, पण एरवी दूध न्हाई. म्हणजे देवाचंच काम हाय. आओ, तुम्ही काशी केली!"

"अहो नाही, मी–"

"काशीला गेलं की आवडीची एक गोष्ट सोडायची असती. माझ्या आईनं पडवळ सोडलं होतं. पडवळ तिला आवडतच नव्हतं, ते जाऊ द्या. तुम्ही दूध सोडलं! लै मोठं मन लागतंय, मालक." आणि मी 'अहो, अहो' करेपर्यंत सत्तरी ओलांडलेला तो माणूस भर रस्त्यात माझ्या पाया पडला. त्याच चामड्याच्या चपलांना हात लावून.

पानवाला पाया पडला. मामा पाया पडले. पैसे परत दिले नाहीत.

आता मला सांगा, महिनाभर मी लोकांना खरं कारण सांगत होतो तेव्हा कुणाला ते पटत नव्हतं. ऑफिसात सांगितलं तर 'काय खूळ' म्हणाले. हळदी-कुंकवाला बायकोला बायकांनी विचारलं, "ह्यांचं काही आर्थिक वगैरे झालंय का?" का? दूध सोडलं म्हणून! माणसानं नवसानं सोडावं, डॉक्टरनं सांगितलं म्हणून सोडावं, काशीला जाऊन सोडावं. स्वतः विचार करून सोडलं की तो माणूस बिघडलेला. याचा मला खरोखर राग येतो आणि तो काही विनोदानं जात नाही.

आणि विचार केला होता हो. मंगळवेढ्याला मामाच्या गोठ्यात लहानपणी पाहिलंय. म्हशीला रेडी झाली तर घरात आनंद. रेडकू झालं की त्याला आचळाशी नेमकं तेवढंच सोडायचं, म्हैस पान्हावेपर्यंत. मग ओढून बाजूला. बारीक होत होत ते एक दिवस गोठ्यात दिसायचं नाही. कुठं गेलं, असं विचारायचं नसतं. ज्ञानोबांनी रेड्याकडून वेद वदवले, त्याला इतकी शतकं झाली. रेडकाच्या दुधाबद्दल अजून कुणी काही वदत नाही. गांधीजींनी 1912 साली गाई-म्हशींवरचे अत्याचार वाचून दूध सोडलं. पुढे आजारपणात हटून बसले, तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं, शेळीचं चालेल ना? आणि ते घेऊ लागले. ते महात्मा, त्यांना शेळी मिळाली. मला काय मिळालं? शेंगा.

सोलापुरात शेंगा, म्हणजे शेंगदाणे, कमी नाहीत, हे मान्य. शेंगा चटणी आणि कडक भाकरी वीगनच आहे. डोनाल्ड वॉटसननं 1944 साली इंग्लंडात वीगन सोसायटी काढली, त्याच्या कितीतरी आधीपासून आमची आजी उखळात चटणी कुटत होती, तेल सुटेस्तोवर. पण चटणीला वर दही लागतं. म्हणून शेंगांचंच दही लावलं. शेंगा रात्रभर भिजत घालायच्या, सालं काढायची, वाटायचं, गाळायचं, उकळायचं आणि कोमट असताना त्यात हिरव्या मिरचीचे देठ सोडायचे. लागतं, खरंच लागतं. मग शेंगांच्या दह्यात शेंगांची चटणी कालवून, शेंगतेल ओतून, भाकरीशी खायची. भोगीला तिळाच्या बाजरीच्या भाकरीवर सगळ्यांच्या पानात लोण्याचा गोळा पडला, माझ्या पानात परत शेंगाच. दुकानातलं बदामाचं दूध म्हणाल, तर साध्या दुधाच्या तिपटीहून महाग, आणि चहात घातलं तर फाटतं. वर बी-12 ची गोळी वेगळी. वनस्पतींत ते भरवशाचं मिळत नाही, म्हणून घ्यावीच लागते. मेडिकलवाला गोळी देताना म्हणाला, "दूध पीत जा."

तेव्हा माझं मनात जवळपास ठरलं होतं. दूध, तूप, पनीर यांच्याशिवाय भागतंय, ते बंदच राहू दे. दही मात्र आठवड्यातून एकदा, चटणीपुरतं, घरात, पडदा ओढून. कन्येला 'बरंचसं वीगन' असं सांगायचं. पण टपरीवरची बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. शेजारच्या वहिनी तांब्या घेऊन दारात, गंगेचं पाणी मिळेल का म्हणून. काशी करून आलेला माणूस सोडलेली वस्तू पुन्हा तोंडाला लावताना दिसला, तर पेठेत काय होईल? माझी ट्रायल परस्पर कायमची झाली होती, सही न करता.

मी बायकोला म्हटलं, उद्या सगळ्यांना खरं सांगून टाकतो. ती म्हणाली, "अहो, गप्प बसा. महिनाभर मी सांगून दमले. आता निदान लोकांना समजेल असं कारण मिळालंय." आणि काशीचं मावंदं घालायलाच हवं, नाहीतरी बरीच जेवणं द्यायची राहिली आहेत, असंही तिनं ठरवलं. बेत बासुंदी-पुरीचा. मुलगी फोनवर किंचाळली, "आई, निदान मावंदं तरी वीगन करा!" आईनं फोन माझ्या हातात दिला आणि डेअरीत दूध सांगायला गेली.

माझ्या पानात काय, असं मी विचारलं. "चटणी-भाकरी आहे की."

बासुंदी आटवायला दोन-तीन तास कुणीतरी ढवळत बसावं लागतं, आणि तो माणूस मध्येच चव बघत बसणारा नको, असं आचाऱ्याचं म्हणणं पडलं. घरातल्या सगळ्यांनी एकमतानं माझं नाव सुचवलं आहे.