चुटका, पीथमपूर आणि ग्रुपवर फिरणारा मेसेज

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: सूर्य रात्री मावळतो, म्हणून सौर वीज बिनभरवशाची. अणुवीज सगळ्यात स्वस्त आणि सुरक्षित. तिचा कचरा एका खोलीत मावतो. जर्मनीने अणुभट्ट्या बंद केल्या आणि कोळसा जाळायला घेतला. शेवटी, मंडला जिल्ह्यातल्या चुटका अणुप्रकल्पाला विरोध करणारे लोक मध्य प्रदेशला अंधारात लोटायला निघालेत. खाली अर्थातच ‘पटलं तर पुढे पाठवा’. पटलं की नाही हे न बघताच बऱ्याच जणांनी पुढे पाठवलेला दिसतो.

ज्या काकांकडून मला तो आला, त्यांनी वर एक ओळ जोडली होती: ‘आपल्या कॅटमधल्या कुणालाही विचार.’ काका, कॅट हे इंदूरचं संशोधन केंद्र. तिथे लेसर आहेत, इंडस-1 आणि इंडस-2 ही कणांना वेग देणारी यंत्रं आहेत, काम उत्तम चालतं. पण वीज तिथे तयार होत नाही, खर्च होते. असो.

‘सूर्य रात्री मावळतो’

मावळतो. प्रश्न एवढाच, की आपल्या राज्याला वीज कधी लागते? बहुतेक राज्यांत मागणीचं शिखर उन्हाळ्यात येतं, एसी आणि कूलर चालू झाले की. मध्य प्रदेशात ते डिसेंबर-जानेवारीत येतं आणि 18 हजार मेगावॅटच्या पुढे जातं. कारण गहू आणि हरभरा. रब्बीला पाणी द्यायला लाखो मोटरी एकाच वेळी चालू होतात.

देपालपूरच्या बाजूला ओळखीच्या एका घरचं शेत आहे. शेतीच्या वीजवाहिनीला, म्हणजे फीडरला, रात्रीची पाळी असली, की घरातला एक जण कानटोपी, शाल आणि बॅटरी घेऊन बांधावर जातो. डिसेंबरातली माळव्याची थंडी, पायात भिजलेले गमबूट, ओल्या मातीत साप. मध्येच लाइट जाते, मग परत येईपर्यंत मोटरीपाशी ताटकळायचं. त्या घराची वर्षानुवर्षं एकच मागणी आहे: वीज दिवसा द्या. म्हणजे राज्यातला मोठा लोड रात्री पडतो तो गव्हाला रात्री तहान लागते म्हणून नाही. पुरवठ्याच्या पाळ्या तशा लावल्यात म्हणून. कृषी फीडर सौर विजेवर घेतले, तर तोच लोड दुपारी सरकतो आणि माणूस रात्री घरी झोपतो.

पावसाळ्यात सौर वीज घटते, हेही खरं. पण तेव्हा शेतीच्या मोटरी बंद असतात आणि वारा सुटलेला असतो. देवासच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्या जानेवारीत बघा आणि आषाढात बघा. एकाच जागेवरून दोन वेगळी दृश्यं दिसतात.

उरते संध्याकाळ. सहा ते दहा या वेळेला साठवण लागतेच, त्याला पर्याय नाही. सप्टेंबर 2025 मध्ये मुरैना सोलर पार्कसाठी बॅटरीसकट बोली लागली ती 2 रुपये 70 पैसे युनिटला. हा प्रकल्प अजून उभा राहायचा आहे, तेव्हा मीही टाळ्या राखून ठेवतो. पण दर ठरलेला आहे, आणि उशीर झाला किंवा खर्च फुगला तर झळ आधी बोली लावणाऱ्या कंपनीला बसते. अणुप्रकल्पात वाढलेला खर्च दरात आणि सरकारी तिजोरीत उतरतो. शिवाय नीमचला गांधीसागरच्या पाण्यावर मोठा पंप्ड स्टोरेज प्रकल्प हाती घेतलाय: दुपारच्या स्वस्त विजेने पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडायचं.

‘अणुवीज सगळ्यात स्वस्त’

इथे मेसेज तारापूरचं उदाहरण देतो. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 च्या. त्यांचं कर्ज कधीच फिटलंय. आजोबांनी बांधलेल्या वाड्यात राहणाऱ्याने भाडेकरूला ‘घर फुकटात पडतं’ म्हणून सांगावं, त्यातला हा प्रकार. तुलना करायची तर आज बांधायच्या भट्टीशी करायला हवी.

आजचं उदाहरण आपल्याला जवळचंच आहे. रतलामच्या पलीकडे, राजस्थानातल्या बांसवाड्याला माही अणुप्रकल्पाचं भूमिपूजन 25 सप्टेंबर 2025 ला झालं. 2,800 मेगावॅट, अंदाजे 42,000 कोटी रुपये. म्हणजे मेगावॅटला 15 कोटी. सौर प्रकल्प मेगावॅटला चार कोटींच्या आसपास उभा राहतो. पण इथे आपल्या बाजूचे लोकही लबाडी करतात, तेव्हा स्पष्ट सांगतो: सौरचा मेगावॅट आणि अणूचा मेगावॅट सारखे नाहीत. भट्टी अहोरात्र चालते, कैगाच्या पहिल्या युनिटने तर 2018 मध्ये सलग 962 दिवस चालून विक्रम केला होता. तेवढीच वार्षिक वीज हवी असेल, तर साधारण चौपट सौर क्षमता लागते. चार चोक सोळा. भांडवल जवळपास बरोबरीत आलं, आणि भट्टी टिकतेही जास्त वर्षं. साठवणीचा खर्च सौरच्याच खात्यात पडतो.

फरक पडतो तो वेळेमुळे. गुजरातेतल्या काकरापारच्या तिसऱ्या युनिटचं काम 2010 मध्ये सुरू झालं, 2015 ला वीज यायची होती, व्यापारी उत्पादन सुरू झालं जून 2023 ला. कल्पक्कमच्या फास्ट ब्रीडर ह्या वेगळ्या जातीच्या भट्टीचं काम 2004 मध्ये सुरू झालं, मुदत 2010 ची होती, आणि नुसता गाभा भरायला प्रारंभ झाला मार्च 2024 मध्ये. ही आपल्याकडचीच ढिलाई म्हणावी, तर फ्रान्सकडे बघा. फ्लामाँव्हिलची भट्टी 2007 ला सुरू केली, 3.3 अब्ज युरोंत 2012 ला पूर्ण करणार होते. डिसेंबर 2024 मध्ये ग्रिडला जोडली, आणि खर्च 13 अब्जांच्या पुढे. जैतापूरला ह्याच जातीच्या सहा भट्ट्या प्रस्तावित आहेत, हे कोकणातल्या नातेवाइकांना कळवायला हरकत नाही.

ह्या प्रत्येक वर्षाचं व्याज चढत जातं, युनिट एकही न विकता. उलट रीवाचा 750 मेगावॅटचा सौर पार्क घ्या: फेब्रुवारी 2017 मध्ये लिलाव, पहिल्या वर्षाचा दर 2 रुपये 97 पैसे, जानेवारी 2020 पर्यंत पूर्ण. त्यातली काही वीज दिल्ली मेट्रो घेते.

‘कचरा एका खोलीत मावतो’

हे वाक्य इंदूरच्या माणसाने पुढे पाठवावं, याचं मला खरंच नवल वाटलं.

भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारात 337 टन विषारी कचरा पडून होता. आकार फार मोठा नव्हता: 12 कंटेनर. एवढ्याशा कचऱ्याला 1984 नंतर चाळीस वर्षं कुणी दारात उभं केलं नाही. अंकलेश्वरला न्यायचं ठरलं, गुजरातने नकार दिला. नागपूरचा विचार झाला, महाराष्ट्राने नकार दिला. जर्मनीला पाठवायची बोलणी झाली, 2012 मध्ये तीही फिसकटली. शेवटी 1 जानेवारी 2025 च्या रात्री ते कंटेनर रस्ते मोकळे करून, पोलिसांच्या ताफ्यात, आपल्या उशाशी पीथमपूरला आणले. दोनच दिवसांनी तिथल्या आंदोलनात दोघांनी स्वतःला पेटवून घेतलं. कोर्टकचेऱ्या झाल्या, चाचण्या झाल्या, आणि वर्षाच्या मध्यापर्यंत कचरा जाळून झाला. चुना वगैरे मिसळल्यामुळे राख मूळ कचऱ्याहून जास्त वजनाची निघाली. आता ती कुठे पुरायची, ह्यावर वाद.

हा कचरा रासायनिक होता, किरणोत्सारी नव्हता. दोन्ही एक नाहीत हे मला मान्य आहे. भारत वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करतो आणि उरलेला तीव्र कचरा काचेत गोठवतो, तेही काम जबाबदारीने होतं. पण त्या काचेचे डबे हजारो वर्षं ठेवायला जमिनीखालचं कायमचं भांडार आपल्याकडे नाही. त्यासाठी जिल्हा कुठला निवडणार? खोलीचं माप सांगून उपयोग नाही, खोली कुणाच्या गावात ते सांगा. जाळून संपणाऱ्या 337 टनांसाठी चार दशकं गेलेली आपण बघितली.

‘जर्मनीने कोळसा जाळायला घेतला’

नाही. शेवटच्या तीन भट्ट्या एप्रिल 2023 मध्ये बंद झाल्या आणि त्याच वर्षी तिथली कोळशाची वीज मोठ्या प्रमाणात घटली, अक्षय ऊर्जेचा वाटा वाढून निम्म्याच्या पुढे गेला. त्यांनी आधी कोळसा बंद करून चालत्या भट्ट्या मागाहून बंद करायला हव्या होत्या, असं माझं मत आहे. पण मेसेजमधली गोष्ट घडलेली नाही.

‘सुरक्षित’

कोळशाच्या तुलनेत युनिटमागे मृत्यू फार कमी, हे बरोबर. सौर आणि पवनच्या बाबतीतही तेच आहे, म्हणून हा मुद्दा इथे निकाली लागत नाही. नुकसानभरपाईचा लागतो. 2010 च्या अणु-अपघात भरपाईच्या कायद्याने चालक कंपनीची जबाबदारी 1,500 कोटींवर थांबवली होती, पण सदोष यंत्र देणाऱ्या पुरवठादाराकडून वसुलीची वाट ठेवली होती. भोपाळ आठवून ठेवलेली वाट होती ती. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा ‘शांती’ कायदा मंजूर केला, खासगी कंपन्यांना दार उघडलं, आणि ती वाट काढून टाकली. फुकुशिमाचा खर्च जपान सरकारच्याच अंदाजाने 20 लाख कोटी येनच्या वर गेलाय. इतकं सुरक्षित असेल, तर यंत्र विकणारा हमीला का घाबरतो?

‘चुटक्याचे विरोधक’

हे कोण आहेत ते मेसेजमध्ये नाही. बहुतेक गोंड आदिवासी, बरगी धरणात एकदा उठवलेले. त्या धरणाने 162 गावांना फटका दिला. धरणाच्या काठावर नव्याने घरं थाटली, तर आता अणुप्रकल्पासाठी पुन्हा उठा. ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. 2013 मध्ये जनसुनावणी विरोधापायी पुढे ढकलावी लागली, 2014 मध्ये पोलीस बंदोबस्तात उरकली. भट्टी थंड करायला पाणी घेणार नर्मदेचं, जी पुढे जलूदला आपले पंप भरते आणि 1978 पासून इंदूरच्या नळाला येते. त्या जलूदच्या पंपांसाठी इंदूर महापालिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे, काढले, ते 60 मेगावॅटच्या सौर प्रकल्पाकरता. लोकांनी मागितल्या रकमेच्या कितीतरी पट पैसे लावायची तयारी दाखवली. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकीही काहींनी अर्ज भरला असेल.

आणि अंधाराबद्दल: चुटक्याला तत्त्वतः मंजुरी 2009 मध्ये मिळाली, 1,400 मेगावॅटसाठी. तेव्हा देशात सौर वीज नावापुरती होती. जानेवारी 2025 अखेर तिने 1 लाख मेगावॅटचा टप्पा ओलांडला. ह्याच काळात मध्य प्रदेशात रीवा उभं राहिलं, आणि 2021 च्या लिलावात नीमचच्या सौर पार्कचा दर 2 रुपये 14 पैशांवर आला. चुटक्याचं एकही युनिट आजवर ग्रिडमध्ये आलेलं नाही.