काडतुसाचं कीचेन करणाऱ्यांनो, आधी हे वाचा

‘जुनं काडतूस सापडलंय? व्हाइसमध्ये धरा, पक्कडीने गोळी उपटा, दारू ओतून टाका, बुडाला भोक पाडा, झालं कीचेन! दारू गेली की धोका संपला.’ हा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर फिरत होता तोवर मी गप्प होतो. पण कोथरूडच्या मावशीच्या ट्रंकेत तिच्या सासऱ्यांच्या रायफलची काडतुसं निघाली आणि तिचा नातू माझ्याकडे ड्रिल मागायला आला.

धोका संपला? अरे, दारू त्यातल्या त्यात गरीब. उघड्यावर पेटली तर फुरफुरत जळते. खरा तापट आहे तो बुडाशी बसलेला प्रायमर. मसुराएवढी धातूची वाटी, आत बहुधा लेड स्टिफनेट. ठोका बसला की पेटायचं, हेच त्याचं काम. आणि हे महाशय नेमकं त्याच्यावरच फिरतं ड्रिल टेकवतात, तेही तोंड वीतभर अंतरावर ठेवून! धातूची कपची डोळ्यात घुसायला पुंगळीत दारू असावी लागत नाही. पॉइंट टू-टूमध्ये, म्हणजे .२२ इंची छोट्या काडतुसात, तर प्रायमरचा हा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. ते व्हाइसमध्ये आवळायचं म्हणजे कमालच.

‘परदेशात रिलोडिंगवाले, म्हणजे वापरलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरणारे, गोळ्या काढतातच.’ काढतात, मान्य. दारूचं माप चुकलं तर काढाव्याच लागतात. पण त्यासाठी पुलर नावाचं खास अवजार असतं, डोळ्यांवर चष्मा असतो आणि काडतूस त्यांनीच भरलेलं असतं. ट्रंकेतल्या गोळीचं टोक रंगवलेलं असेल तर ती ट्रेसरही, म्हणजे उजेडाची रेघ सोडत जाणारी, असू शकते. मग जळणारा मसाला खुद्द गोळीतच.

‘तेल सोडलं की प्रायमर मरतो.’ कधी मरतो, कधी नाही. ‘जुनं म्हणजे बाद.’ दुसऱ्या महायुद्धातली काडतुसं आजही उडतात. ‘दारू कुंडीत टाका, नायट्रोजन मिळतो.’ नायट्रोजन असतो खरा, पण बऱ्याच दारूंत नायट्रोग्लिसरीनही असतं. तुळशीला ते कशाला?

राहिला ‘घरातल्या घरात कसला कायदा’. शस्त्र अधिनियम १९५९, कलम २: काडतुसाचे भागसुद्धा दारूगोळ्यातच धरलेत. कलम ३: परवान्याशिवाय दारूगोळा बाळगायचा नाही. जोडीच्या भागांसोबत वापरायचे नसलेल्या किरकोळ भागांना कलम ४५ सूट देतं, रिकामी पुंगळी त्यात कदाचित बसेल. भरलेल्या काडतुसाच्या जिवावर हा वाद घालू नका. सासऱ्यांचा परवाना मावशीच्या नावावर आपोआप होत नाही. ती काडतुसं पिशवीत घालून रिक्षाने चौकीत न्यायची टूम निघाली होती, तीही मी मोडीत काढली. ११२ ला फोन करून पोलिसांनाच घरी बोलवा.