ओल्या लॅपटॉपवर हेअर ड्रायर मारू नका

इंदूरच्या आमच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘कीबोर्डची बटणं चालत नाहीत? दुकानात पैसे घालवू नका, घरच्या घरी पाच उपाय.’ लॅपटॉप चालू ठेवूनच हेअर ड्रायरने सुकवा. मग रात्रभर तांदळात पुरा. चिकट बटणं नेलपॉलिश रिमूव्हरने किंवा सॅनिटायझरने पुसा. तरी काही बटणं बंदच असतील तर तो व्हायरस, फॉरमॅट मारा. आणि शेवटी ड्रायव्हर, म्हणजे कीबोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर, काढून रीस्टार्ट करा. राजेंद्र नगरातल्या माझ्या मावशीने चहा सांडल्यावर यातला पहिला उपाय करूनही टाकला. वर मला म्हणाली, “अगं, ग्रुपवर आलं होतं, चार जणांनी अंगठे दिले होते.” म्हणून हे लिहायला बसले.

ड्रायरपासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त नासधूस तोच करतो. ‘चालू ठेवून’ हे ज्याने लिहिलं त्याने ओला लॅपटॉप कधी उघडून पाहिलेला नाही. मेसेज म्हणतो, आतल्या उष्णतेने पाणी लवकर उडतं. पाणी उडेल हो, पण तोवर काय होतं? चार्जरमधून १९-२० व्होल्ट आत येत असतात. ओलाव्यातून वीज वाहिली की शॉर्ट होऊ शकतो, आणि तांब्याच्या बारीक रेघा गंजायला लागतात. नुसतं ओलं होण्यापेक्षा विजेसकट ओलं राहणं कितीतरी वाईट.

आता खुद्द कीबोर्ड. नेहमीच्या लॅपटॉपमध्ये बटणाखाली रबराची छोटी टोपी असते आणि तिच्याखाली प्लॅस्टिकचे तीन पातळ पापुद्रे. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वीज वाहणाऱ्या शाईच्या रेघा, मधल्याला भोकं. बटण दाबलं की भोकातून दोन रेघा एकमेकींना टेकतात आणि अक्षर उमटतं. ड्रायरचा झोत चहा बाहेर काढत नाही, तो या पापुद्र्यांच्या मध्ये आणखी आत ढकलतो. वर गरम हवेने बटणांखालच्या नाजूक प्लॅस्टिकच्या कड्या वाकतात. मावशीच्या लॅपटॉपवर स्पेस बारचं एक टोक आता वर उचललेलं आहे, आणि त्याच्या वरच्या ओळीतली दोन बटणं दाबली की खालीच राहतात. हे चहाने केलेलं नाही, ड्रायरने केलंय.

सांडलं की पॉवरचं बटण दाबून धरा आणि लॅपटॉप पूर्ण बंद करा. फाइल सेव्ह करत बसू नका. चार्जर काढा, बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढा. लॅपटॉपचं झाकण उघडं ठेवून, कीबोर्ड जमिनीकडे करून टेबलाच्या कडेवर पालथा ठेवा आणि पंखा लावा. ‘बघू तरी चालतोय का’ म्हणून मध्येच चालू करणं, हाच बहुतेकांचा घात. साधं पाणी असेल तर कदाचित निभावेल. चहा असेल तर वाळल्यावर साखर आणि दूध आतच राहतं, ते उघडून साफ करावंच लागतं.

तांदळाबद्दल ॲपलच्या स्वतःच्या मदत-पानावर स्पष्ट लिहिलंय: ओला आयफोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, बारीक कणांनी तो बिघडू शकतो. २०२४ च्या फेब्रुवारीत याची बातमी सगळीकडे झळकली होती. फोनबद्दल ही ताकीद असेल तर जाळ्या, पंखा आणि उघडी पोर्टं असलेल्या लॅपटॉपबद्दल वेगळं काय सांगायचं?

नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन असतं, आणि बरीच बटणं ज्या एबीएस प्लॅस्टिकची असतात ते ॲसिटोनमध्ये विरघळतं. विषय संपला. सॅनिटायझरमध्ये मात्र अर्धं सत्य आहे, ते मान्य करायला हवं. रिपेअरवाले आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करतात, तेही लॅपटॉप बंद असताना. पण सॅनिटायझर म्हणजे नुसतं अल्कोहोल नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रातही त्यात ग्लिसरॉल असतं, हाताची त्वचा कोरडी पडू नये म्हणून. अल्कोहोल उडून जातं, ग्लिसरॉल बटणाखाली चिकटून बसतं.

व्हायरसचा मुद्दा वाचून मला खरंच राग आला. फॉरमॅट मारला की फोटो, हिशेब, पत्रं सगळं जातं, आणि बटण तरीही चालत नाही! कीबोर्डमध्ये आडव्या-उभ्या रेघांचं जाळं असतं. एक रेघ तुटली की तिच्यावरची सगळी बटणं एकदम बंद पडतात, कधीकधी एकमेकांपासून लांब असलेली. म्हणून ते गूढ वाटतं. दुसरं, विंडोजमध्ये उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून ठेवलं की फिल्टर कीज सुरू करण्याचा शॉर्टकट लागू होतो. ते चालू असलं की झटपट दाबलेली बटणं संगणक सोडून देतो आणि कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो. सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन माउसने ते बंद करता येतं. जे-के-एल दाबल्यावर १-२-३ येत असेल तर न्यूम लॉक पाहा, काही लॅपटॉपवर तसं होतं.

शंका असेल तर बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावा. त्यावर सगळं नीट उमटलं तर खोट बहुतेक लॅपटॉपच्या कीबोर्डात, विंडोजमध्ये नाही. बायोसमध्येही (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जच्या पडद्यावर) तीच बटणं चालत नसतील तर फॉरमॅटचा प्रश्नच उरत नाही.

पाचवा उपाय तेवढा खरा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून कीबोर्डचा ड्रायव्हर काढून रीस्टार्ट केलं की विंडोज तो स्वतःच पुन्हा बसवतं. पण अख्खा कीबोर्ड बंद पडला असेल तेव्हा. चहानंतर तीन बटणं गेली असतील तर नाही.

सांडलं काहीच नसेल आणि एखादंच बटण अडत असेल तर खाली बहुधा शेवेचा चुरा असतो, आपल्या इंदूरात तर नक्कीच. ॲपल आपल्या मॅकबुकसाठी सांगतं की लॅपटॉप ७५ अंशांत तिरका धरा आणि दाबलेल्या हवेच्या डब्याने फवारा मारा. इतर लॅपटॉपनाही ते चालतं.

आणि जेल रोडवर दुरुस्तीला नेलात तर चहा सांडल्याचं आधी सांगा. वॉरंटी जाईल म्हणून लोक लपवतात, मग दुकानदार नुसता कीबोर्ड बदलून देतो आणि मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटवरचा, चहा तसाच राहतो.